भूल द्यावीच लागते असं नाही
लहान मुलांच्या एमआरआयवरचा लेख वाचला. भूल लागतेच, असा त्याचा सूर वाटला. तान्ह्या बाळांचा स्कॅन बऱ्याचदा पोटभर पाजून, गुंडाळून झोपेतच करतात, हे राहिलंच. आमची लेक पाच वर्षांची. तिला धास्ती मशीनच्या आवाजाची, म्हणून घरी मोबाईलवर तो ठकठक-घर्र आवाज लावून स्टॅच्यू खेळलो. स्कॅनच्या वेळी मला आत बसू दिलं. मंगळसूत्र, सेफ्टी पिना, जोडवी सगळं बाहेर (जोडवी निघेनात, साबण लावावा लागला!). तिचा पाय धरून बसले. मधेच ती खोकली, तेवढा भाग परत घेतला. भूल ठरलीच तर किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारा. आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, सीटी स्कॅनमध्ये असतात. सासूबाईंना हे पटवण्यात स्कॅनपेक्षा जास्त वेळ गेला.