बांधावर एक, बोगद्यात दोन

दिवाळीत भाचा आला होता पुण्याहून. कार्टं व्हॅलोरंट या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेममध्ये डायमंड या वरच्या दर्जाला आहे, म्हणजे माझ्यासारख्याला बसल्या जागी गुंडाळेल. तरी हट्टानं त्याला तशाच पण जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये ओढलं आणि डस्ट-टू हा मॅप, म्हणजे खेळायचं मैदान, लावला. तिसऱ्याच राउंडला मला कॅटवॉकवरून एक गडी येताना दिसला. तोंडातून सवयीनं निघालं, "बांधावर एक!"

भाचा म्हणाला, "मामा, बांध कुठं असतो?"

तेवढ्यात तो मेला. मग मी पण.

तेव्हापासून मॅपमधल्या जागांना आपण पाडलेली नावं ही एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनी कंदी पेढे खा आणि पुढं सरका.

आमचं शिक्षण साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळच्या एका तळघरातल्या नेट कॅफेत झालं. आठ मशीन, ताशी पंधरा रुपये, आणि काउंटर-स्ट्राइकची जुनी 1.6 आवृत्ती. जागा सांगायचे इंग्रजी कॉल कुणाला येत होते? पोरांनी आपापली नावं पाडली. बॉम्ब लावायच्या दोन जागा (साइट) असतात, ए आणि बी; त्यातल्या बीकडं जाणारे टनेल म्हणजे बोगदा. साताऱ्यात दुसरं काय म्हणणार, सज्जनगडाच्या वाटेवर खराखुरा बोगदा असताना? लाँग या लांब वाटेवरचा पिट म्हणजे खड्डा. कॅटवॉक म्हणजे बांध, कारण अरुंद, उंचावर, आणि त्यावरून चालणारा लांबून दिसतो. मिडचा, म्हणजे मधल्या भागाचा, दरवाजा तेवढा दरवाजाच राहिला.

आता हा मॅप कुणी केला ते ऐका. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या, विशीच्याही आतल्या इंग्रज पोरानं. 1999 मध्ये त्याचा पहिला 'डस्ट' आला आणि 2001 मध्ये डस्ट-टू. कुठली मोठी टीम नाही, मार्केट रिसर्च नाही. वरून पाहिलं तर इंग्रजी आठाचा आकडा आडवा पडल्यासारखा: एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला बी, मधे मिड, आणि एका वाटेवरून दुसरीवर जायला मोजक्या जागा. झालं. नवख्या माणसाला तीन राउंडमध्ये समजतो.

साताऱ्याच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोवई नाक्याहून राजवाड्याकडं जायचं तर वरचा रस्ता किंवा खालचा रस्ता. पाटीवर राजपथ आणि कर्मवीर पथ लिहिलंय, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा, तो आधी तुमच्याकडं बघेल. मधे चढ-उताराचे बोळ, वरच्यावर गर्दी असली की बोळानं खाली उतरायचं. गणपतीत पोलिसांनी एक बंद केला की सगळं गाव दुसऱ्यावर लोटतं. डस्ट-टूवर लाँगला धुराचा बॉम्ब (स्मोक) पडला की नेमकं हेच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या मॅपला माणसं गावासारखी नावं पाडतात, तोच टिकतो. ग्राफिक्स नंतर. इन्फर्नो नावाच्या मॅपमधल्या त्या वळणाच्या वाटेला जगभर 'बनाना' म्हणतात, कारण ती वाकडी आहे. डस्ट-टूच्या ए साइटवर भिंतीवर बदकासारखं एक चित्र होतं, तर त्या कोपऱ्याचं नाव 'गूज' पडलं. मिराज या मॅपवर तर पुढची पायरी झाली. 2016 च्या कोलंबस मेजर या मोठ्या स्पर्धेत कोल्डझेरा नावाच्या खेळाडूनं बी साइटवर उडी मारत स्नायपरनं चौघांना गारद केलं आणि गेम बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीनं त्याची आठवण म्हणून तिथं भिंतीवर चित्रच काढलं. आपल्याकडं चौकाला नाव देतात, तसंच हे.

नाव पडायला जागा वेगळी ओळखू यावी लागते. जिथं चार कोपरे सारखेच दिसतात तिथं "अरे तिकडं, त्या पेटीमागं" एवढंच तोंडातून निघतं आणि तोवर काम झालेलं असतं. बॉम्ब लागल्यावर तो फुटायच्या आत हातात चाळीस सेकंद असतात. त्यातली पाच 'तिकडं' म्हणजे कुठं यात गेली तर उरलं काय?

आणि सेकंदांवरून आठवलं, मॅप करणाऱ्याची खरी कारागिरी भिंतींत नसते, अंतरात असते. दोन्ही टीम कुठल्या ठिकाणी कधी पोचतात हे ठरवणं म्हणजे मॅप. डस्ट-टूवर लाँगच्या दरवाजाशी दोघं जवळपास एकाच वेळी येतात, म्हणून दर राउंडला तिथं मारामारी. पाऊल चुकलं, बंदूक विकत घेताना दोन सेकंद जास्त लागले, की लाँग गेला. 1.6 मध्ये तर आमचा एक दोस्त राउंड सुरू झाल्याबरोबर जागेवरूनच मिडच्या दरवाजाच्या फटीवर स्नायपर लावून बसायचा. पलीकडून फट ओलांडणारा एखादा तरी टिपायचाच. त्याला आम्ही 'टोलनाका' म्हणायचो.

भाच्याचा आक्षेप असा की डस्ट-टू म्हातारा झाला, सगळ्यांना पाठ झाला, त्यात नवीन काय? एकदम चूक नाही. व्हॉल्वलाही अधूनमधून तसंच वाटतं. 2017 मध्ये स्पर्धेच्या यादीतून काढला, 2018 मध्ये परत आणला. 2022 मध्ये पुन्हा काढून अनुबिस हा मॅप घेतला, 2024 मध्ये ओव्हरपास बाहेर आणि हा परत आत. रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखं चाललंय. आणि हेही कबूल की डोकं न्यूक या मॅपला जास्त लागतं. तिथं दोन्ही साइट एकावर एक आहेत. आपल्या पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरसारखं, आवाज येतो पण वरून की खालून कळत नाही.

पण व्हॅलोरंटवाल्यांचं मला एक पटत नाही. दर मॅपला एक चमत्कार हवाच. हेवनला तीन साइट. बाइंडला मिडच नाही, वर दोन टेलिपोर्टर. फ्रॅक्चरमध्ये हल्ला करणारे दोन्ही अंगांनी येतात. कागदावर हे सगळं भारी. खेळताना मात्र माणूस मॅपच्या युक्तीशी झगडत बसतो, समोरच्या पाच जणांशी नाही. भाच्याला आवडतो असेंट, आणि गंमत म्हणजे तो त्यातल्या त्यात साधा आहे. व्हेनिस, मोठं मिड, दोन साइट, बंद करता येणारे दरवाजे. मी त्याला म्हटलं, अरे हा डस्ट-टूचाच मावसभाऊ. चिडला.

लोटस मात्र त्यानं मुद्दाम दाखवला. "मामा, हा आपला सह्याद्री." खरंच, 2023 च्या जानेवारीत आलेला हा मॅप पश्चिम घाटात घडतो. मी उत्साहानं बसलो. कोरीव दगड, हिरवळ, कमळं. कास पठार ज्यानं रोजच्या रोज पाहिलंय त्याला हा सह्याद्री वाटेल का, ते तुम्हीच बघून सांगा. मला तरी ना जांभा दिसला, ना कारवी. पुन्हा तीन साइट, आणि दगडाचे फिरते दरवाजे. ते फिरले की असा घरघराट होतो की पलीकडच्यांना आमंत्रण गेलंच. हे दरवाजे मला आवडले, खोटं कशाला बोलू. आपल्या किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजाचंही मर्म तेच की, समोरून दिसायचं नाही आणि वळल्याशिवाय आत जाता यायचं नाही. आत काय वाढून ठेवलंय ते वळल्यावरच कळणार.

पण एक खटकलं. व्हॅलोरंटमध्ये मॅपवरच भागांची नावं छापलेली येतात, 'ए मेन', 'बी लॉबी' अशी. सोय आहे, नाही कशाला म्हणू? अनोळखी पाच जण पहिल्या मिनिटापासून एकच भाषा बोलतात. पण मग गावचं नाव पडायला जागा राहत नाही. भाचा आणि त्याचे मित्र मराठी मुलं, खेळताना बोलायच्या डिस्कॉर्ड ॲपवर घरातल्यासारख्या शिव्या देतात, आणि जागा सांगताना मात्र अचानक ऑफिसात बसल्यासारखे इंग्रजी होतात.

परवा त्याचा फोन आला. डस्ट-टू डाउनलोड केलाय म्हणाला, मित्रांबरोबर खेळतोय. मागून कुणीतरी ओरडत होतं, "बोगद्यात दोन, बोगद्यात दोन!" उच्चार पुणेरी होता, चालायचंच.

आता साताऱ्यातल्या जुन्या कॅफेवाल्यांना एक प्रश्न. बीच्या दरवाजाशेजारी भिंतीत ती मोकळी जागा आहे ना, आम्ही तिला खिडकी म्हणायचो. राजवाड्याकडची पोरं 'भगदाड' म्हणायची. त्यावरून एका रविवारी आंतर-कॅफे मॅचमध्ये जाम भांडण झालं होतं. तुमच्याकडं काय म्हणायचे? कमेंटमध्ये लिहा.