क्लोनच्या बातमीतला न दिसणारा छेद

क्लोन केलेल्या प्राण्याची बातमी येते तेव्हा सोबत एका गोंडस पिल्लाचा फोटो असतो. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: "आता माणसाचाही होणार" किंवा "माझा गेलेला कुत्रा परत मिळेल का?" दोन्हींचं उत्तर फोटोत नसतं, शोधनिबंधातल्या तक्त्यात असतं. बीजांडं किती घेतली, भ्रूण किती बनले, किती माद्यांच्या गर्भाशयात सोडले, गाभण किती राहिल्या, जन्मले किती आणि महिन्याभराने जिवंत किती होते. बातमी अंश, म्हणजे जन्मलेलं पिल्लू, सांगते आणि छेद, म्हणजे त्यासाठीचे एकूण प्रयत्न, गाळते. छेद पाहिल्याशिवाय क्लोनिंगबद्दल कुठलंही मत बनवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

डॉली या क्लोन मेंढीपासूनच बघा. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ती जन्मली. सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट मेंढीच्या कासेतली पेशी आणि स्कॉटिश ब्लॅकफेस जातीच्या मेंढीचं, स्वतःची गुणसूत्रं काढून घेतलेलं बीजांड. अशा २७७ जोड्या एकजीव झाल्या, त्यातून सोडण्याजोगे २९ भ्रूण निघाले, ते १३ मेंढ्यांमध्ये सोडले आणि कोकरू झालं एक. २००५ मध्ये कोरियात जन्मलेला पहिला क्लोन कुत्रा स्नपी: १०९५ भ्रूण, १२३ माद्या, तीन गर्भधारणा, दोन पिल्लं. त्यातलंही एक २२ दिवसांनी न्यूमोनियाने गेलं.

छेद एवढा मोठा का? हात साधलेला नव्हता म्हणून, असं उत्तर सहज दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. हाताचं काम कठीण आहे यात शंका नाही, पण ते शिकता येतं. खरा अडथळा पेशीच्या आत आहे. दोन्ही नीट कळावेत म्हणून गाय-म्हशीची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण ती वर्षानुवर्षांच्या कामातून चांगली बसलेली आहे.

कत्तलखान्यातून अंडाशय कोमट सलाइनमध्ये आणतात. त्यावरच्या २ ते ८ मिलिमीटरच्या पुटिकांतून (बीजांड असलेल्या द्रवाच्या पिशव्यांतून) सुईने द्रव ओढला की बीजांडं मिळतात, भोवती क्युम्युलस पेशींचे थर घेऊन. हे थर ज्याच्याभोवती तुटके किंवा विरळ, ते बीजांड तिथेच बाजूला टाकायचं. पुढे ते दगा देणार, हे जवळजवळ ठरलेलं असतं. उरलेली बीजांडं ३८.५ अंश सेल्सिअसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये २० ते २४ तास ठेवली की पक्व होतात. पक्व झाल्याची खूण म्हणजे कडेला दिसणारी पोलर बॉडी, एक बारीकसा गोळा.

इथून सूक्ष्मदर्शकाखालचं काम. हायल्युरोनिडेज हे एन्झाइम वापरून भोवतीच्या पेशी सोडवायच्या. मग बीजांड सायटोकॅलासिन बी या रसायनात ठेवायचं, म्हणजे त्याचा आतला सांगाडा सैल पडतो. ही पायरी चुकली तर सुई आत जाताच बीजांड फुटतं. बीजांडाचा व्यास साधारण १२० मायक्रॉन आणि आत जाणाऱ्या काचेच्या नळीचं तोंड १५ ते २० मायक्रॉन. बीजांडाची स्वतःची गुणसूत्रं ओढून काढायची आहेत, पण ती दिसत नाहीत. गाय-म्हशीच्या बीजांडात चरबीचे कण इतके असतात की आतलं सगळं काळपट दिसतं. ती पोलर बॉडीच्या शेजारी असतील असं धरून चालतात. पण बीजांड जास्त वेळ पडून राहिलं की पोलर बॉडी जागची सरकते आणि अंदाज हुकतो. म्हणून होएक्स्ट नावाचा रंग देऊन अतिनील प्रकाशात खात्री करावी लागते. हा प्रकाश काही सेकंदांच्या वर पडला तर बीजांडालाच इजा होते. त्यामुळे जाणकार हात बीजांडावर प्रकाश टाकतच नाहीत. नळीत ओढून घेतलेला पेशीद्रव्याचा थेंब तेवढा प्रकाशात आणतात आणि गुणसूत्रं त्यात आली का ते बघतात. थेंब मोठा घेतला तर गुणसूत्रं नक्की येतात, पण पुढे लागणारी प्रथिनंही त्याच्याबरोबर जातात. लहान घेतला तर गुणसूत्रं आत राहून जाण्याची भीती. तशी राहिली तर तयार होणाऱ्या भ्रूणात गुणसूत्रांचा हिशेबच चुकतो आणि तो पुढे टिकत नाही.

देणारी पेशी बहुधा कानाच्या कातडीतली घेतात. तिची वाढ थांबवून ठेवावी लागते. डॉलीच्या वेळी पोषक द्रावणातलं सीरम १० टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणून पेशी पाच दिवस उपाशी ठेवल्या होत्या. पेशी डीएनएची प्रत काढत असतानाच उचलली, तर बीजांडात गेल्यावर तिची गुणसूत्रं तुटतात. कीथ कॅम्पबेल यांनी पेशीचक्राच्या या मुद्द्यावर भर दिला होता. डॉलीच्या कथेत त्यांचं नाव फार मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं.

ही पेशी बीजांडाच्या कवचाखाली सरकवतात आणि मॅनिटॉलच्या द्रावणात विजेचा झटका देतात, सेंटिमीटरला साधारण दोन किलोव्होल्ट, काही मायक्रोसेकंद. पेशी आणि बीजांड जिथे टेकलेत ती रेघ दोन्ही इलेक्ट्रोडना समांतर हवी. तिरकी बसली तर जोड होत नाही, आणि व्होल्टेज वाढवून जोड साधायला गेलं तर पेशी फुटते. जोड झाल्यावर तास-दोन तास थांबायचं. मग बीजांडाला जागं करायचं. एरवी शुक्राणू आत शिरताना कॅल्शियमची लाट उठवतो. इथे शुक्राणू नाही, म्हणून आयनोमायसिन चार-पाच मिनिटं आणि त्यानंतर डीएमएपी सुमारे चार तास. दुसरं रसायन गाळलं तर बीजांड सवयीने दुसरी पोलर बॉडी बाहेर टाकायला जातं आणि नुकतीच घातलेली गुणसूत्रं त्यात निघून जातात. एवढं सगळं पार पडलं तर सात दिवसांनी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगा भ्रूण, मिळतो, आणि तो सोडायची गायही माजानंतर बरोबर सातव्या दिवसाची असावी लागते.

२००९ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने म्हशीचं रेडकू केलं ते हँडमेड क्लोनिंगने. त्यात महागडा मायक्रोमॅनिप्युलेटर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सुई हलवणारं यंत्र, लागत नाही. कवच एन्झाइमने विरघळवतात, बारीक पात्याने गुणसूत्रांचा भाग कापून टाकतात आणि अशा दोन बिनगुणसूत्री तुकड्यांमध्ये एक पेशी धरून जोडतात. ज्या प्रयोगशाळांना लाखमोलाची यंत्रं परवडत नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धत म्हणजे मोठंच दार उघडणं आहे.

आता मुख्य अडथळा. चांगल्या प्रयोगशाळेत जोडलेल्या बीजांडांपैकी २० ते ४० टक्के ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. म्हणजे हाताचं काम जमलेलं असतं. तरी गाईत सोडलेल्या शंभर भ्रूणांमागे वासरं दहाच्या आसपासच होतात. गळती होते ती गर्भाशयात.

कातडीच्या पेशीत डीएनए पूर्णच असतो. जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीपासून बेडूक वाढवून हे डॉलीच्या कितीतरी आधी दाखवलं होतं, त्याचं नोबेल त्यांना २०१२ मध्ये मिळालं. पण त्या डीएनएवर मिथाइल या रासायनिक गटाच्या खुणा असतात, तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही खुणा असतात. कातडीला जे लागत नाही ते सगळं बंद करून ठेवलेलं असतं. पुस्तक तेच, पण निम्मी पानं डकवून ठेवलेली. बीजांडाला ही पानं सोडवायची असतात आणि वेळ अगदी थोडा असतो. उंदराचा भ्रूण दोन पेशींचा झाला की स्वतःची जनुकं चालवू लागतो, गाईचा आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर. तोवर जे सुटलं नाही, त्याची किंमत पुढे चुकती होते. शुक्राणूचा डीएनए या कामासाठी आधीपासून तयार होऊन आलेला असतो, कातडीचा नसतो.

ही किंमत सर्वात आधी वारेत दिसते. क्लोन गर्भाच्या वारेला गर्भाशयाशी जोडणाऱ्या गाठी कमी असतात आणि आहेत त्या भलत्याच मोठ्या होतात. रक्तवाहिन्या नीट पसरत नाहीत. बरेच गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच जातात. जे टिकतात त्यांतल्या काहींभोवती पाणी साठत जातं आणि गाईचं पोट बेसुमार फुगतं. वासरू प्रमाणाबाहेर मोठं होतं, वेत नीट होत नाही, पोट फाडून काढावं लागतं. जन्मलेल्या वासराची फुप्फुसं कच्ची, नाळ जाड, दूध ओढायची ताकद नाही. वासरू वाचलं तरी ज्या गाईने हे सोसलं तिची नोंद फोटोखाली कधी येत नाही. येथे मला राग येतो, आणि तो तंत्रावर नाही, नोंद गाळण्यावर आहे.

डकवलेली पानं कोणती, हे हळूहळू कळतंय. हिस्टोनवरची एक विशिष्ट खूण सर्वात चिवट निघाली. ती पुसणारं एन्झाइम वाढवून, सोबत ट्रायकोस्टॅटिन ए हे रसायन देऊन शांघायच्या गटाने २०१८ मध्ये माकडांचे क्लोन जाहीर केले. गर्भातल्या पेशींपासून ७९ भ्रूण, २१ माद्या, सहा गर्भधारणा, दोन जिवंत पिल्लं. याच गटाने प्रौढ माकडाच्या पेशी वापरल्या तेव्हा ४२ माद्यांत २२ गर्भधारणा झाल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच दगावली. माणसाच्या क्लोनबद्दल मला जे म्हणायचंय ते या एका ओळीत आलं. २२ गर्भधारणा आणि हाती काही नाही. हे स्त्रियांवर करून बघणं कोणत्याही कारणासाठी समर्थनीय नाही. आणि उपचारांसाठी पेशी हव्या असतील तर शिन्या यामानाका यांनी २००६ मध्येच चार जनुकं घालून साधी पेशी मूळपेशीसारखी करून दाखवली आहे. त्याला बीजांड लागत नाही, गर्भाशयही लागत नाही.

पाळीव प्राण्यांचं म्हणाल, तर छेदाशिवाय आणखी एक गोष्ट विकणारे दबक्या आवाजात सांगतात. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये सीसी नावाची मांजर जन्मली, ८७ भ्रूणांतून एक. जिच्या पेशीपासून ती झाली ती तिरंगी होती, सीसीच्या अंगावर केशरी ठिपकाही नव्हता. मांजरीचा केशरी किंवा काळा रंग एक्स गुणसूत्रावर ठरतो आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो. सीसी ज्या पेशीपासून झाली तिच्यातला केशरी रंगाचा एक्स बंद होता आणि तो बंदच राहिला. रंगाचीच ही गत. स्वभाव तर वाढण्यातून घडतो, तो कातडीच्या पेशीत साठवलेला नसतो. कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कुत्रीचं बीजांड कच्चंच सुटतं आणि बीजवाहिनीत दोन-तीन दिवसांत पिकतं, प्रयोगशाळेत ते नीट पिकत नाही. म्हणजे दर प्रयत्नाला जिवंत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून बीजांडं काढावी लागतात. पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: बीजांडांसाठी किती कुत्र्या, गर्भासाठी किती, पिल्लं किती जन्मली आणि किती जगली. उत्तर लेखी मागा.

"क्लोन लवकर म्हातारा होतो" ही भीती मात्र आता सोडायला हरकत नाही. डॉलीचे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची वयाबरोबर झिजणारी टोकं, आखूड होते हे खरं, पण तिला १४ फेब्रुवारी २००३ रोजी दयामरण दिलं ते मेंढ्यांमध्ये विषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या गाठीमुळे. त्याच पेशींपासून पुढे झालेल्या चार मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या असताना तपासल्या, त्या वयाच्या मानाने ठणठणीत निघाल्या. जन्म आणि सुरुवातीचे दिवस पार केले की क्लोन बहुधा साधं आयुष्य जगतो.

मग एवढा छेद कुठे परवडतो? माझ्या मते जिथे दुसरा मार्गच उरलेला नाही तिथे. उत्तर अमेरिकेतले काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लहान मांसाहारी प्राणी) क्लोनिंगच्या आधी होते ते सगळे सात प्राण्यांचे वंशज. विला नावाच्या आणखी एका मादीचे वंशज उरले नव्हते, पण तिच्या पेशी १९८८ पासून गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांतून २०२० च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली, पुढे अँटोनिया. २०२४ मध्ये अँटोनियाला पिल्लं झाली. विलाच्या जनुकांत आजच्या कळपातून हरवलेली विविधता आहे आणि ती मिळवायची दुसरी वाटच नव्हती. एक गाठ उरते. बीजांड पाळीव फेरेटचं असल्याने क्लोनच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा तयार करणारे कण, हेही पाळीव फेरेटचेच येतात. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच पुढे जातात, म्हणून क्लोन मादीचे नर पिल्लू घेऊन त्याचा संकर मूळ जातीच्या माद्यांशी करायचा. विलाची जनुकं त्या नराकडून पुढे जातात आणि पाळीव मायटोकॉन्ड्रिया त्याच्यापाशीच थांबतात.