निफाडच्या पाऱ्यासोबत हेही छापा

थंडीत हृदयविकाराने मृत्यूचा धोका वाढतो, हे तुमच्या लेखात स्पष्ट लिहिलंत, फार बरं केलंत. निफाडचा पारा किती उतरला हे आम्हा नाशिककरांना रोज कळतं, पण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्तात गुठळी व्हायची शक्यता वाढते, हे कोण सांगतं? पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणारे, रात्रीच्या लाइटीवर पाणी भरणारे शेतकरी, रामकुंडात उतरणारी वयस्कर मंडळी, सगळ्यांना हे कळायला हवं. आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१५ च्या १३ देशांच्या अभ्यासानुसार थंडीचे बहुतेक बळी कडाक्याच्या नव्हे, साध्या गारठ्याच्या दिवसांतले! बीपीची गोळी मनाने बंद करू नका. छाती दाबल्यासारखी वाटून घाम फुटला तर अॅसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.