संपर्कात राहा, पण अंतर ठेवून: शाळेच्या ग्रुपवर कसं वागावं

शाळेच्या ग्रुपात तुम्हाला कोणीतरी न विचारता ॲड केलेलं आहे हे मी धरून चालतो, कारण विचारून ॲड केलेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाही. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महासाथ आल्याचं सांगितलं, पुढच्या काही आठवड्यांत जगातली बरीचशी माणसं घरात कोंडली गेली आणि कोंडलेल्या माणसाला करण्यासारखं काय असतं तर जुने नंबर शोधणं. ज्यांना लांबून येताना बघून आपण बूट बांधायच्या निमित्ताने खाली वाकायचो त्या सगळ्यांशी आता रोज बोलायचं आहे. आधीची इतकी वर्षं अंतर राखायची प्रॅक्टिस केली ती वाया गेली असं मात्र समजू नका. तीच आता कामाला येणार आहे.

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका की ग्रुप बोलायला असतो. ग्रुप असायला असतो. आपण आहोत एवढं दिसलं की झालं, म्हणून सकाळी तोंड धुवायच्या आधी गुलाब पाठवायचा. उगवता सूर्य चालेल, वाफाळता कप चालेल, मधोमध सुविचार हवा आणि खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव असेल तर उत्तमच, म्हणजे तो फोटो फिरत फिरत कुठेही गेला तरी मालकी तुमचीच. दुसऱ्याच्या गुलाबाला उत्तर द्यायचं नसतं बरं का. त्याच्यावर आपला गुलाब टाकायचा, मग त्याच्यावर तिसऱ्याचा, असा नऊ वाजेपर्यंत ढीग झाला की हजेरी संपली. त्या ढिगाखाली रात्री कोणी काही लिहिलेलं असेल तर ते आपोआप दिसेनासं होतं, हा वेगळा फायदा, त्याच्याकडे येऊच.

ॲडमिन कोण हे सांगायला नको, जो वर्गात मॉनिटर होता तोच. तेव्हा तो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, आता त्याच्या हातात 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात' असं बटण आहे (२०१८ पासून आहे, त्याला आधी माहीत नव्हतं हे आपलं नशीब). त्याच्याशी भांडू नका. व्हॉट्सॲपवर तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावायची आणि याला एवढीच खंत होती की आपल्या तुकडीत इतकी पोरं नव्हती, म्हणून त्याने ब तुकडी पण घेतली, मग वरच्या वर्गातले दोघं तिघं घेतले आणि आता कोण कोण आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

आता फॉरवर्डचं. व्हायरस नवीन होता, डॉक्टरलोकांना पण पुरती माहिती नव्हती, अशा वेळी गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाने गप्प बसणं बरोबर दिसलं नसतं. गरम पाण्याने आंघोळ केली की व्हायरस मरतो, दहा सेकंद श्वास रोखता आला की तुम्ही ठणठणीत, फाइव्ह-जीच्या टॉवरमुळेच हे सगळं चाललंय वगैरे. आरोग्य संघटना बिचारी एकेक खोडून काढत बसली होती, पण तिला आपल्या ग्रुपात कोणी ॲड केलेलं नव्हतं. ७ एप्रिल २०२० ला व्हॉट्सॲपने नियम आणला की खूप फिरून आलेला मेसेज, म्हणजे ज्याच्यावर दोन बाण दिसतात तो, एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल. काही दिवसांनी कंपनीने सांगितलं की असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही उरलेल्या ३० टक्क्यांत असलं पाहिजे. कॉपी करा, पेस्ट करा, दोन बाण गायब, आणि वरती 'माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलंय' ही ओळ स्वतः टाइप करा, हाताने लिहिलं की विश्वास बसतो. वर्गातली एक मुलगी खरोखरची डॉक्टर झालेली असते आणि ती कधीतरी ड्युटीवरून येऊन लिहिते की हे खोटं आहे, कृपया पाठवू नका. तिला 'अगं पण पाठवायला काय जातंय' एवढंच म्हणायचं, कारण खरंच काही जात नाही, म्हणजे आपलं.

गप्पा मारायच्या म्हणजे नेमकं काय हा प्रश्न नवख्यांना पडतो. सोपं आहे. 'काय चाललंय?' याला 'काही नाही, तुझं?' आणि त्याला 'सेम'. झालं, संपर्क झाला, दोन वर्षं यावर आरामात निघतात. 'कसा आहेस?' याचं उत्तर 'मजेत'. याच्यात बदल करायचा नाही. पगार निम्मा झालाय, घरमालक रोज फोन करतोय, बायकोशी तीन दिवस बोलणं नाही, पोरगं ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद करून झोपतंय आणि आपण त्याला उठवत पण नाही, हे सगळं 'मजेत' मध्ये बसतं, मोठा प्रशस्त शब्द आहे. कोणी चुकून 'बरं नाही चाललं रे' असं लिहिलंच तर लगेच जुना विषय काढायचा. ते सर आठवतात का, खडू फेकून मारायचे? की मग शंभर मेसेज येतात, खडू कोणाच्या कुठे लागला होता, नेम कसा चुकायचा नाही, एकदा खिडकीतून बाहेर जाऊन हेडसरांना कसा लागला, आणि या खडूच्या धुरळ्यात 'बरं नाही चाललं रे' कुठल्या कुठे जातं. लिहिणारा पण शेवटी हसण्याची एक इमोजी टाकतो. बघा, बरं वाटलं की त्याला!

व्हॉइस नोट पाठवत असाल तर चार मिनिटांच्या खाली पाठवू नका, पहिलं मिनिट 'हॅलो, हां, ऐकू येतंय ना' ला लागतं. ऐकणाऱ्याची काळजी नको. मे २०२१ नंतर दुप्पट वेगाने ऐकायची सोय आली, त्याआधीची जी सव्वा वर्षं आपण लोकांना मूळ वेगात ऐकवलं त्याची भरपाई कोणी मागितलेली नाही.

व्हिडिओ कॉल मात्र एकदा तरी कराच, त्याशिवाय साथीत होतो असं वाटत नाही. व्हॉट्सॲपवर आधी चारच जणांची सोय होती, एप्रिल २०२० मध्ये आठ केली, पण वर्ग म्हटला की आठात कसं भागणार, म्हणून सगळे झूमवर. रविवारी संध्याकाळी पाचची वेळ, सव्वापाचला पहिला येतो. मग एकाचं फक्त कपाळ दिसतं, एकाचा छताचा पंखा, एकजण नातवंडासारखा दिसतो कारण फोन नातवंडानेच धरलाय, आणि पहिल्या नंबरची मुलगी म्यूटवर तावातावाने बोलतेय आणि बारा जण एकदम ओरडतायत, अगं म्यूट, म्यूट, खाली डाव्या कोपऱ्यात बघ, तुझा डावा, अगं तुझा. टकलं मोजून होतात. कोण कोण जाड झालं ते होतं. तेवढ्यात अडतिसाव्या मिनिटाला तो मागच्या बाकावरचा, जो शाळेत सुद्धा फारसा बोलायचा नाही, चष्मा काढून पुसतो, परत घालतो आणि म्हणतो, एक सांगायचं होतं तुम्हाला, आमच्या कंपनीने मागच्या महिन्यात... आणि चाळीस मिनिटं संपली. फुकटवाल्यांचा कॉल चाळीस मिनिटांनी तुटतो, नियमच आहे तसा. आता तुम्ही म्हणाल परत लिंकवर क्लिक करायचं की. करायचं नाही! सगळ्यांनी ग्रुपवर 'मजा आली यार, परत करूया' असं लिहायचं. त्यानेही लिहिलं होतं, मजा आली.

म्हणून माझा सल्ला असा की मनातलं काही सांगायचंच असेल तर एकोणचाळिसाव्या मिनिटाला सुरू करा, सगळ्यांचीच सोय होते.

आजारपणाच्या बाबतीत ग्रुपचं काम फार शिस्तीचं. एकाने लिहिलं, ताप आहे तीन दिवस, ऑक्सिमीटर ९१ दाखवतोय. की लगेच, दुसरं बोट लावून बघ. नेलपॉलिश नाही ना लावलंस? (हा विनोद होता, पण नेलपॉलिशने आकडा चुकतो हे खरंच आहे, तेवढीच माहितीत भर.) हात चोळून गरम कर. माझा पण मागे ९२ आला होता, सेल बदलले, ९८. पालथा झोप. एकाने एवढंच लिहिलं की अरे तू दवाखान्यात जा आत्ताच्या आत्ता, तर त्याला सगळ्यांनी दाबला, उगाच घाबरवू नकोस त्याला. मग हात जोडलेल्या इमोजी सुरू करायच्या, एकाने दोन जोडले की पुढच्याने तीन जोडायचे, कमी पडता कामा नये. आणि मधेच कोणाचा तरी आधीच निघालेला नवराबायकोचा विनोद येऊन पडतो, तो डिलीट करायला तेव्हा तासाभराची मुदत होती, पण पाठवणारा जेवायला गेलेला असतो.

रात्रीच्या मेसेजचं मघाशी म्हटलं ते असं. पावणेदोनला कोणीतरी लिहितं, 'झोपलात का सगळे?' आता तुम्ही जागे आहात. मोबाइल हातात आहे, तुम्ही तो मेसेज वाचलाय, आणि एक लक्षात ठेवा, निळ्या टिका तुम्ही बंद केल्या असल्या तरी ग्रुपात त्या चालू राहतात, मेसेज दाबून धरला की कोणी कोणी वाचलं त्याची यादी निघते. म्हणजे त्याला तुमचं नाव दिसणार. घाबरू नका. यादीत आणखी तीसेक नावं असतात आणि जिथे तिसांनी उत्तर दिलं नाही तिथे तुमच्या एकट्याला कोण विचारतंय? कुशीवर वळून झोपा. साडेपाचला पहिला गुलाब येतोच.

याच कारणासाठी कोण गप्प आहे याचा हिशोब ठेवू नका. हे मी कळकळीने सांगतोय. रोज तो कमळाच्या फोटोवाला सुविचार टाकणारा, ज्याला सगळे वैतागलेले असतात, तो समजा मंगळवारपासून दिसला नाही, तर तुमच्या लक्षात येता कामा नये. आलं तरी 'कंटाळला असेल' म्हणायचं. फोन तर अजिबात करू नका. फोन केला की तो उचलतो, उचलला की आवाज ऐकू येतो, आवाज ऐकू आला की मग 'मजेत' चालत नाही, आणि अर्धा तास मोडतो तो मोडतोच, शिवाय तो नंतर परत फोन करेल ही टांगती तलवार वेगळी. आमच्यातल्या एकीला ही शिस्त नाही. ती सकाळी गुलाब मोजते आणि ज्याचा आला नाही त्याला दुपारी फोन लावते, दोघांना तर तिने आपणहून डबा पोचवायची व्यवस्था केली म्हणे, पण ग्रुपवर एक शब्द नाही, फोटो नाही. असल्या माणसांना ग्रुप म्हणजे काय हेच कळलेलं नसतं.

कंटाळा आला तर सोडायचं कसं? सोडता येत नाही. ऑगस्ट २०२२ पर्यंत तर तुम्ही बाहेर पडलात की सगळ्यांना दिसायचं, आणि पाच मिनिटांत ॲडमिन 'काय झालं रे' असं न विचारता परत आत ओढायचा. म्यूट करा. ऑक्टोबर २०२० च्या आधी जास्तीत जास्त एक वर्ष म्यूट करता यायचं, बनवणाऱ्यांना वाटलं असेल की वर्षभरात माणूस निवळतो, मग त्यांनी साथीतले ग्रुप बघितले आणि 'कायमचं' असा पर्याय दिला. जानेवारी २०२१ मध्ये प्रायव्हसीच्या नव्या अटी आल्या तेव्हा मोठी संधी चालून आली होती, सगळ्या वर्गाने सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर जायचं ठरलं, आपला डेटा म्हणजे काय चेष्टा आहे का! गेले पण अकरा जण, तिथे एकमेकांना 'आलास का?' विचारलं आणि मग बाकीचे का येत नाहीत हे विचारायला परत व्हॉट्सॲपवर आले, ते आलेच. अटी सगळ्यांनी न वाचता मान्य केल्या.

५ मे २०२३ ला आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे आता प्रत्यक्ष भेटायला काही अडचण राहिली नाही, हा जरा नाजूक प्रसंग आहे. यावर उपाय म्हणजे पोल. ॲडमिनला सांगा, एका पोलमध्ये बारा पर्याय टाकता येतात तर बाराच्या बारा रविवार टाक. तुम्ही बाराही रविवारांवर टिक करा, म्हणजे 'तू नाही म्हणालास' असं तुम्हाला कोणी म्हणणार नाही. जागा कुठली, शाकाहारी किती, जोडीदारांना आणायचं का यावर दोन महिने सहज जातात, जोडीदारांच्या मुद्द्यावर तर एक उपग्रुप निघतो. त्यातून तारीख ठरलीच तर त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला 'अरे आज होतं का?' असं लिहा, फक्त जरा घाई करा, कारण बाकीचे पण तेच टाइप करत असतात.