अझ्टेक साम्राज्य मूठभर स्पॅनिशांनी जिंकलं?

‘मूठभर स्पॅनिश शिपायांनी बंदुकांच्या जोरावर अख्खं अझ्टेक साम्राज्य लोळवलं’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. गोष्ट अर्धवट आहे. मेक्सिकोत अझ्टेकांवर चालून गेलेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या बाजूने शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धे होते. अझ्टेकांशी त्यांचं जुनं वैर. १५१९ मध्ये ते आधी कोर्तेसशीच भिडले, मग हात मिळवला. जून १५२० अखेरीस तेनोच्तित्लान या तलावातल्या अझ्टेक राजधानीतून मार खाऊन पळालेल्या स्पॅनिशांना आसरा दिला तोही त्यांनीच. तलावातून शहराची कोंडी करायला लागणारी १३ जहाजं त्लाश्कालात घडली आणि सुटे भाग तिथल्या हमालांनी डोंगरवाटेने तलावाकाठच्या तेश्कोको शहरापर्यंत वाहून नेले. (हे ओझं काही बंदुकांनी उचललं नाही!) त्यात देवी रोगाची साथ पसरली, अझ्टेक राजा क्वित्लावाक त्या रोगानेच गेला. तरीही शहर पडायला १३ ऑगस्ट १५२१ उजाडला.