दोन बीएचकेतला मेंढपाळ

जर्मन शेफर्डचं पिल्लू बघायला गेलं की विकणारा आधी त्याचे पाय दाबून दाखवतो. ‘डबल बोन आहे साहेब. शिवाय डबल कोट.’ दुप्पट हाडांचा कुत्रा अजून जन्माला यायचाय. डबल कोट मात्र खरा. पण अंगावर केसांचे दोन थर घेऊनच ही जात जन्माला येते, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे मोजणं म्हणजे शेपटीचे वेगळे पैसे मोजणं. आपण तीन गोष्टी मागाव्यात: केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद, पिल्लाच्या आईची प्रत्यक्ष भेट आणि आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे. कागद मिळतात. आईही भेटते. एक्स-रे म्हटलं की विकणाऱ्याला नेमका त्याच क्षणी महत्त्वाचा फोन येतो. आणि या जातीचं खरं दुखणं खुब्याच्या सांध्यातच असतं.

पिल्लू घरी आलं की सगळ्या सोसायटीला त्याच्या कानांची काळजी लागते. ‘अजून उभे राहिले नाहीत? कॅल्शियम द्या!’ अहो, कान कूर्चेचे असतात, हाडांचे नव्हे. बहुतेकांचे चार ते सहा महिन्यांपर्यंत उभे राहतात. मधेच दात बदलायला लागले की पुन्हा पडतात. काही दिवस एक कान मुंबईकडे आणि एक नागपूरकडे असतो. त्या काळात कोणी कॅल्शियमची बाटली घेऊन आलं तर चहा पाजून बाटलीसकट परत पाठवावं. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही; ते अंगात शिरतं आणि हाडांची वाढ बिघडवतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात लागेल तेवढं आधीच मोजून घातलेलं असतं. वर थेंबही नको.

आता मुख्य घोटाळ्याकडे येऊ. आपल्याकडे हा कुत्रा राखणदार म्हणून आणतात. मुळात तो राखणदार नाही, तो कुंपण आहे. 1899 साली कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात कॅप्टन माक्स फॉन स्टेफानिट्स यांनी हेक्टर नावाचा एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला आणि त्याचं नाव होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं. जातीच्या वंशनोंदीत पहिला क्रमांक त्याचाच. या कुत्र्यांचं काम काय, तर बिनकुंपणाच्या शेतांमधल्या गवताच्या पट्ट्यात शेकडो मेंढ्या चरत असताना पट्ट्याच्या कडेने, सरीतून, दुडक्या चालीनं दिवसभर येरझाऱ्या घालायच्या. मेंढीने शेजारच्या पिकात तोंड घालता कामा नये. आपल्या धनगरांच्या कुत्र्याचं काम वेगळं: लांडगा आला तर भुंकायचं, अंगावर जायचं. मेंढ्या वळवायला धनगराचा आवाज आणि काठी पुरते. त्यामुळे चालतंफिरतं कुंपण ही कल्पनाच आपल्या डोक्यात बसत नाही, आणि मग हा बाल्कनीच्या कठड्यालगत सकाळपासून इकडून तिकडे का फिरतोय, हे घरात कोणालाच कळत नाही. ड्यूटीवर आहे तो.

घरी पाहुणे आले की त्याला कळप मिळतो. सगळे दिवाणखान्यात बसलेत तोवर ठीक. एक काका पाणी प्यायला उठले, मावशी बाल्कनीत गेल्या, की कळप फुटला. मग काकांच्या पोटरीला नाकाचा धक्का, मावशींना खांद्याने रेटा. मुलं पळाली तर टाचेला दात. जर्मनीतल्या कामाच्या परीक्षेत मेंढीला मान, बरगडी किंवा मांडी एवढ्याच ठिकाणी धरायची मुभा असते. मुलांच्या पायजम्याबद्दल नियम नाही. अशा वेळी ओरडून आणि पळून काही होत नाही, उलट कळप उधळल्याची त्याची खात्री पटते. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, त्याला त्याच्या चटईवर पाठवायचं आणि बसला की लगेच खाऊ द्यायचा.

पाठवायचं म्हणजे कुठल्या शब्दाने? मराठी घर कुत्र्याशी इंग्रजीत बोलतं. बाबा म्हणतात ‘सिट’, आई ‘सिट डाउन’, मुलगी ‘डाउन’ म्हणजे झोप, आणि आजी ‘बस रे माझ्या राजा, दमलास का’. चार जणांच्या चार आज्ञा ऐकून तो शेवटी आजीचं ऐकतो, कारण पोळी तिच्या हातात असते. एका कृतीला एकच शब्द ठरवून फ्रिजवर लिहून लावावा. आज्ञा एकदाच द्यायची. पाचव्यांदा ‘सिट’ म्हटल्यावर तो बसला, तर तो पाचव्यांदाच बसायचं शिकलाय.

सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास फिरणं मोठ्या कुत्र्याला लागतंच, पण नुसतं पळवून हा दमत नाही, त्याचा दम वाढतो. त्याच्या नाकाला काम द्या. त्याच्या जेवणातलेच मूठभर दाणे घरभर लपवून ‘शोध’ म्हणा. पंधरा मिनिटांत तो गाढ झोपायला लागतो. उन्हाळ्यात फिरणं सूर्य तापायच्या आत उरकायचं. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही.

आणि केस. केसांबद्दल काय सांगावं! वर्षातून दोनदा आतला मऊ थर गळतो, असं पुस्तकं म्हणतात. आपल्या हवेत तो दोनदा जोरात गळतो आणि मधल्या काळात सरावासाठी गळतो. आमटीत, चष्म्यावर, नवऱ्या मुलाच्या शेरवानीवर. एप्रिलमध्ये कोणीतरी हमखास सल्ला देतं, ‘भादरून टाका, गार वाटेल बिचाऱ्याला.’ मुळीच नको. वरचे राठ केस ऊन अडवतात. भादरले की कातडी उघडी पडते आणि केस पुन्हा येताना ठिगळं लावल्यासारखे येतात. त्यापेक्षा आतला थर काढणारी दातेरी फणी घ्या. एका हाताने केस वर उचलून धरायचे आणि कातडीजवळून थोडे थोडे खाली विंचरायचे. मांडीमागे आणि कानांमागे जास्त वेळ, कारण गाठी तिथेच होतात. नुसतं वरून ब्रश फिरवला की कुत्रा चकाकतो आणि सोफा केसाळ राहतो. एरवी आठवड्यातून तीनदा, गळतीच्या दिवसांत रोज दहा मिनिटं. अंघोळ महिन्या-दीड महिन्याने पुरे, पण पावसाळ्यात आतला थर कोरडा झाल्याशिवाय सोडू नये. वरून सुका आणि आत ओला राहिला की शेपटीच्या मुळाशी नाहीतर कानाखाली लालभडक चिघळणारी जखम होते. विंचरतानाच बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड शोधावी. गोचीडतापाचं निदान उशिरा झालं तर जिवावर बेततं.

दूध-पोळीवर मात्र हा कुत्रा निभत नाही. दुधाने पोट बिघडतं आणि नुसत्या पोळीत पुरेशी प्रथिनं नसतात. नवं खाणं सुरू करताना आठवडाभरात हळूहळू प्रमाण वाढवा. या जातीचं पोट नाजूक. दिवसाचं खाणं दोन-तीनदा विभागून, आणि जेवल्यावर तासभर धावपळ बंद. छाती खोल असल्याने जठर फुगून पीळ पडायचा धोका असतो. पोट ताठ झालं, उलटीचे उमासे येतायत पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं की गूगल करू नका, गाडी काढा. त्यात तास वाया घालवायला नसतात.

वजनाचं गणित सोपं आहे. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, हाताला लागाव्यात. सडपातळ कुत्र्याचे खुबे जास्त काळ चालतात, म्हणून गुळगुळीत लाद्यांवर सतरंज्या आणि ताटात मोजलेलं खाणं. हे नीट पाळलं की आत्या येतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘उपाशी ठेवता का रे याला?’ त्यांना नम्रपणे डॉक्टरांचा वजनाचा कागद दाखवावा. आत्या गेल्यावर सोफ्याखाली तूप लावलेली पोळी उरली आहे का, तेही बघून घ्यावं.