पुडी फाटली की कुरियरवाल्याला फोन लावणार काय?

आमच्या बेळगावात हल्ली एक नवं गिऱ्हाईक तयार झालंय. वाद्यांच्या दुकानात येतं, तासभर चार पेट्या (हार्मोनियम) वाजवून बघतं, खर्ज-नर घ्यावी की नर-नर (पेटीतल्या सूर देणाऱ्या पितळी जिभांचे, म्हणजे रीडचे, प्रकार) हे मालकाकडून नीट समजून घेतं, मोबाईलवर फोटो मारतं आणि "घरात विचारून सांगतो" म्हणून निघून जातं. थोड्या दिवसांनी तेच गिऱ्हाईक ऑनलाइन मागवलेली पेटी स्कूटरवर घालून त्याच पायरीवर हजर. "अण्णा, जरा बघा की, मध्यम लागेना झालाय."

मला त्याचा राग येतो. स्वस्त घेतलं म्हणून नाही, पैसे कुणाला नको झालेत? पण तासभर कान कुणाचा वापरला, आणि पैसे कुणाला दिले?

पुस्तक किंवा बॅट कुठूनही घ्या, फार बिघडत नाही. तबल्याचं तसं नाही. ऑनलाइन 'सी शार्प' लिहिलेलं असतं, म्हणजे आपली काळी एक. त्यासाठी साधारण सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा तबला लागतो, इथपर्यंत कुणीही सांगेल. पण तो तबला तुमच्या घरच्या पेटीशी जुळतो का? गाणारी मुलगी असेल आणि तिचा सूर पांढरी पाच असेल तर? पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, थोडीफार चढते-उतरते, त्यापुढे ताणली की किनारीला फाटते. मग खोक्यात परत भरा, टेप लावा, आणि 'रिटर्न'ची मुदत संपली का ते बघा.

परवा एका भजनी मंडळाचा तबला घेऊन दुकानात बसलो होतो. मालकांनी जुनी पुडी उतरवली, खोड (लाकडी भांडं) आतून झटकलं, नवी पुडी बसवून कडेच्या सोळा घरांतून वादी (चामड्याची पट्टी) ओवली. पाय लावून वादी ओढताना कपाळावर घाम. मग वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवले आणि बारकी हातोडी घेऊन गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) एकेका घराला हलके ठोके. एका हाताने पेटीची काळी एक दाबून धरलेली. बाहेर रिक्षांचा हॉर्न, शेजारी मिक्सर दुरुस्तीवाला, आणि हे डोळे मिटून. एक घर बोलेना. तिथंच परत परत. मधेच एक कन्नड भजनवाले आले, त्यांच्याशी कानडीत दोन वाक्यं, आणि हातोडी परत त्याच घरावर. शेवटी म्हणाले, "आता चार दिवस वाजवून परत आणा, नवी पुडी उतरते." त्या दुसऱ्या खेपेचे पैसे ते घेत नाहीत. ऑनलाइनच्या किमतीत ही दुसरी खेप कुठं धरलेली असते?

त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात घरातली गोधडीसुद्धा दमट लागते, तिथं कातडं आणि लाकूड काय टिकणार? पुडी सादळते, आवाज बसतो, पेटीच्या पट्ट्या फुगून दाबल्या की वर येत नाहीत. त्यात भात्याला उंदीर. कपाटात कुठं ठेवावं, पट्टी कितपत घासावी, ऊन किती दाखवावं, हे इथल्या हवेत आयुष्य काढलेला माणूसच सांगू शकतो. सूर चढवायला रीड टोकाला खरवडतात, उतरवायला मुळाशी. ऐकायला सोपं. घरी व्हिडिओ बघून करायला गेलात तर रीड गेलीच म्हणून समजा.

सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले आणि पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरेंनी बेळगावात बसून पिढ्या घडवल्या, हे आपण भाषणात सांगतो. खरं म्हणजे पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ दार बंद ठेवलं होतं. तरी ती गावागावांत राहिली, कारण देवळात भजन होतं, नाटकं होती, आणि बिघडली तर उघडून बसणारा माणूस जवळपास होता. हा तिसरा माणूस आपण भाषणात विसरतो. तो उठून गेला तर किरकोळ कामालाही मिरज गाठावं लागेल. तानपुऱ्यासाठी मिरजेला जाण्यात काही नाही, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तबल्याची वादी तुटली म्हणून मिरज?

आता दुकानदारांचंही थोडं ऐकवतो. सगळेच संत नाहीत. काही जण पक्कं बिल द्यायला कां-कूं करतात. काही जण शिकाऊ पोराला बघून महागातली जोडी गळ्यात मारतात. "उद्या या" म्हणून महिनाभर फिरवणारे तर विचारूच नका. गिऱ्हाईक ऑनलाइन पळतं त्यात यांचाही वाटा आहे. बिल द्या, तारीख पाळा, आणि दुरुस्तीचे पैसे न लाजता आधीच सांगा. फुकटात करून देता म्हणून तर लोकांना त्या कामाची किंमत वाटत नाही.

आणि सगळंच दुकानातून घ्या असं मी म्हणत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, माईकची वायर, स्टँड, कव्हर खुशाल मागवा. त्यात कुणाच्या कानाचं काम नाही. पण जे वाद्य सुरात लावून घ्यावं लागतं ते इथंच घ्या. हजारभर रुपये जास्त जातील. घासाघीसही करा, मालकांना त्याची सवय आहे. नुसता ऑनलाइनचा भाव तोंडावर मारू नका.

येळ्ळूर, कडोली, कंग्राळीकडच्या मंडळींना एक विनंती. आषाढीला पुडी बदलायची असेल तर आत्ताच नेऊन टाका. दशमीच्या संध्याकाळी पखवाज खांद्यावर घेऊन "अण्णा, अर्जंट आहे" म्हणत उभे राहू नका. मागच्या खेपेला तशी रांग लागली होती, आणि त्यात निम्मे लोक ऑनलाइनवालेच होते.